मधल्या बोटाची खबर

अमरावती, १४ जानेवारी २००७

वाहेदचाचा,

सलाम.

"डोये मीट पोरी, डोये चुगली करतात."

तुम्ही हे मला एकोणीस वर्षांपूर्वी म्हणाला होतात. मी जिनिंगमध्ये वजनाच्या पावत्या लिहायला नवीन लागले होते, आणि जेवणाच्या सुट्टीत तुमच्या टेबलावरचा कापूस उगाच चिवडत होते. तुम्ही खांद्यावरचा रुमाल काढून माझ्या डोळ्यांवर बांधलात, चिमटीत रुईचा पुंजका दिलात आणि विचारलंत, "सांग, कसा आहे?" मी म्हटलं, "पांढरा." सगळे हमाल हसले होते. "आता कोठून पांढरा दिसला तुले? आधीच पाहून ठेवला नं!" असं म्हणून तुम्ही ते वाक्य बोललात.

आज आठवलं, कारण इथल्या एका डॉक्टरांनी मला डोळे मिटायला लावले आणि माझ्या बोटांना सुई टेकवून विचारलं, कुठे लागतंय सांगा. एक टोक की दोन. मी सगळी बरोबर सांगितली. ते म्हणाले, इतकं बारीक सांगणारा पेशंट मी पाहिला नव्हता. मला तुमचं नाव सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही.

काळजीचं काही नाही. विळ्यावर भाजी चिरताना उजव्या अंगठ्याला थोडं लागलं, त्यासाठी इथे आले आहे. लहानसं ऑपरेशन आहे. अक्षर डाव्या हाताचं आहे, म्हणून असं. एवढं पत्र लिहायला दोन दिवस लागले.

तुम्ही तीन वर्षं माझ्याशी बोललेला नाहीत, तेव्हा उत्तर मागत नाही.

भावना


अमरावती, २४ जानेवारी २००७

वाहेदचाचा, सलाम.

विळा खोटा होता.

आठ नंबरच्या रेच्यावर, सरकी काढायच्या मशीनवर, झालं. तुम्ही आम्हा सगळ्यांना शिव्या घालून सांगायचात, चालत्या रेच्याच्या तोंडाशी हात नेऊ नका, रुई खाली पडू द्या, मग उचला. आणि स्वतः मात्र रुळावरून सुटणारा पहिला ऊन ऊन पदर अंगठ्यानं अलगद उचलायचात. म्हणायचात, गार झाल्यावर सगळी रुई सारखीच गोड बोलते, गरम आहे तोवर तिला विचारून घ्यावं. तुमच्या जागी ग्रेडरच्या खुर्चीवर बसल्यापासून मीही तेच करत होते. तीन वर्षं. मला शिव्या घालणारं कोणी उरलं नव्हतं. त्या दिवशी रेच्याचा पट्टा थोडा ओढला गेला, रुळानं झटका दिला, आणि अंगठ्याच्या पेराचा पुढचा मऊ भाग राहिला नाही. हाड दिसत होतं. पहिल्यांदा दुखलं नाही. मी रुईवरचा लाल डाग बघत राहिले आणि मनात आलं, हा माल आता वेगळा काढायला हवा.

डॉक्टरांचं नाव हसनैन. वयानं माझ्यापेक्षा लहान. त्यांनी तीन रस्ते सांगितले. एक, हाड थोडं कापून वरून कातडी ओढून शिवायची. पंधरा दिवसांत मोकळं, अंगठा आखूड. दुसरा, पोटाची कातडी लावायची. अंगठा भरलेला दिसेल, पण ती कातडी मुकी राहील. मग त्यांनी विचारलं, "काम काय करता?"

"कापसाचा धागा बघते."

"डोळ्यांनी?"

"नाही."

मग त्यांनी तिसरा रस्ता सांगितला. मधल्या बोटाची एक कड, करंगळीच्या बाजूची, तिच्या रक्तवाहिनीसकट आणि नसेसकट सोडवायची. मुळाशी तोडायची नाही. तळहाताच्या कातडीखालून वाट करून ती अंगठ्यापर्यंत आणायची आणि तिथे शिवायची. म्हणजे अंगठ्याला जिवंत कातडी मिळते, कळणारी.

आई सोबत होती. ती म्हणाली, "म्हंजे एका बोटाचं काढून दुसऱ्याले लावान? चांगल्या बोटाचाबी सत्यानाश!"

"आजी, मधल्या बोटाला ती बाजू नसली तरी चालतं. अंगठ्याला चालत नाही."

"आजी कोनाले म्हनता? या साली बी मी कापूस येचला. इंदूबाई म्हना."

डॉक्टर म्हणाले, "बरं, इंदूबाई. पण एक अडचण आहे, ती तुम्हीही ऐका. नस मधल्या बोटाची आहे. ती अंगठ्यावर गेली तरी मेंदूला पत्ता बदललेला कळत नाही. अंगठ्याला काही टेकलं, की मधल्या बोटाला टेकल्यासारखं वाटेल. काहींचं वर्षा-दोन वर्षांत जुळतं. काहींना जन्मभर तसंच वाटतं."

मी हो म्हटलं. नर्सनं आईचं लुगडं पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि न विचारता शाईचं पॅड पुढे केलं. सोळा वर्षं पावत्या लिहिलेली मी, संमतीच्या कागदावर डाव्या अंगठ्याचा ठसा देऊन आले. सांगता आलं असतं. त्या वेळी उजवा हात तेवढा वाचावा एवढंच डोक्यात होतं.

ऑपरेशनला साडेतीन तास लागले. कातडी गुलाबी आहे म्हणतात. जिवंत आहे.

मी तुमची खुर्ची घेतली, तिच्यासोबत तुमची वाईट सवयही घेतली. हे तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाही. खोटं लिहिलं होतं, ते दुरुस्त करते आहे.

भावना


अकोला, ६ मार्च २००७

वाहेदचाचा, सलाम.

घरी आले. अंगठा गोल, जाड, कुणाकडून मागून आणल्यासारखा दिसतो. मधल्या बोटाच्या कडेला दंडाची कातडी लावली आहे, ती वेगळ्या रंगाची. हात सगळा मिळून ठिगळ लावलेल्या उशीसारखा झाला आहे.

डॉक्टर म्हणाले होते तेच झालं. चहाचा कप अंगठ्याला लागला, तर मधलं बोट भाजलं. काल अंगठ्यावर डास बसला. मी मधलं बोट खाजवत बसले आणि तो पोटभर पिऊन गेला. आईला हे कळल्यापासून तिला खेळणं मिळालं आहे. मी डोळे मिटून पडले की हळूच येऊन अंगठ्याला काडी लावते. "आता कोठी?" "मधलं बोट." "आता?" "मधलंच." "आता?" "मधलं बोट, आई!" "आता तं मी हातबी नाई लावला, बाप्पा!"

रुबीनाचा फोन आला होता. तिनं केला हे तुम्हाला ठाऊक आहे की नाही मला माहीत नाही, पण तिला बोलू नका. मी तिला विचारलं, पत्रं पोचली का. म्हणाली, "पोचली आपा. अब्बानं साखरेच्या गोयांच्या डब्ब्यात ठेवली." मी विचारलं, वाचली का. ती म्हणाली, "वाचतो असं तं नाई म्हनत. पन गोयी काढाले डब्बा उघडते तं चश्मा लावते. गोयीले चश्मा कायले लागते, तुमीच सांगा."

खुशालराव येऊन गेले. मालक आहेत, त्यांचंही चुकत नाही. म्हणाले, "भावनाताई, नागपूरले मशीन आली. पुंजका टाकला का लांबी, ताकद, समदं कागदावर. सूतगिरणीवाले आता कागद मागतात." मग त्यांनी अट सांगितली. दिवाळीनंतर हंगामाच्या पहिल्या दिवशी, १५ नोव्हेंबरला, कापसाच्या दहा गंज्या. दहांचा धागा मी हातानं सांगायचा, मिलिमीटरमध्ये लांबी आणि ताकद दोन्ही. तेच नमुने नागपूरला जातील. आठ जुळले तर खुर्ची माझी. नाही जुळले तर त्या जागी मशीन बसेल, आणि मी परत पावत्यांवर.

मी विचारलं, "मशीन शेतकऱ्याला तोंडानं सांगेल का, तुझा माल का उतरला ते?"

"त्याले कागद देऊ."

"तो वाचून कोण दाखवेल?"

"तुमी हायेच की पावत्यांवर," असं म्हणून ते हसले. मीही हसले. ते गेल्यावर मी डाव्या हातानं कॅलेंडरवर १५ नोव्हेंबरला गोल केला. आठ महिने आहेत.

भावना


अकोला, २१ जून २००७

वाहेदचाचा, सलाम.

हे पत्र उजव्या हातानं लिहिते आहे. पेन अंगठ्यावर टेकतं आणि मधल्या बोटाला दुप्पट कळतं. मजा आहे.

दर महिन्याला बसनं अमरावतीला जाते. डॉक्टर कागदाची पिन उघडून तिची दोन टोकं अंगठ्याला टेकवतात. टोकं फार लांब असली तर दोन कळतात, जवळ आणली की एकच वाटतं. एप्रिलमध्ये पंधरा मिलिमीटर अंतर असलं तरच दोन कळायचं. आता नऊ. ऑपरेशनच्या आधी बाकीच्या बोटांना तीनवर कळत होतं.

घरी अभ्यास दिला आहे. ताटात तूर, मूग, उडीद मिसळायचे आणि डोळे मिटून वेगळे करायचे. टेरिकॉट, मांजरपाट, जुनी चादर. आधी डोळे उघडे ठेवून हात लावायचा आणि मोठ्यानं म्हणायचं, "हा अंगठा आहे, ही चादर आहे." मग डोळे मिटून तेच. दिवसातून चार वेळा. आई शेजारणीला सांगते, "येडी झाली माही पोरगी. सोताच्या अंगठ्याले त्याचं नाव शिकवून राह्यली." पण डाळी मिसळून ताट समोर ठेवते तीच. आणि मी चुकले की संध्याकाळी तीच खिचडी.

एप्रिलमध्ये मी एकदा गुपचूप जिनिंगमधून रुई आणली. तुम्ही शिकवलं तशी दोन्ही चिमटींत धरली, ओढली, अर्धी टाकली, पुन्हा ओढली. धागे सरळ झालेले डोळ्यांना दिसत होते. डोळे मिटले आणि काहीच नाही. हातात रुई आहे की नाही तेसुद्धा कळेना. मी ती खिडकीबाहेर फेकली. मग बसून राहिले आणि मला २००२ चा डिसेंबर आठवला.

त्याबद्दल आपण कधीच बोललो नाही. आज मी बोलते. तुम्हाला नको असेल तर इथे थांबा आणि कागद डब्यात ठेवा.

तुम्ही एका गंजीतून मूठ भरून कापूस काढलात. त्यात वाळक्या बोंडाची नखी होती, ती तुमच्या अंगठ्यात शिरली. चांगली पाव इंच. तुम्ही बोलत होतात, हसत होतात, कुणाला तरी मुलीच्या सोयरिकीचं विचारत होतात, आणि कापसावर लाल ठिपका मोठा होत चालला होता. मी म्हटलं, "चाचा, रक्त." तुम्ही खाली पाहिलंत. मग माझ्याकडे पाहिलंत. तो चेहरा मी विसरलेले नाही. तुम्हाला लागलं म्हणून नव्हतं ते. मी पाहिलं म्हणून होतं.

त्यानंतर पूर्ण एक हंगाम मी टेबलापाशी तुमच्या शेजारी उभी राहिले. पुंजका मी ओढायची आणि तुमच्या हातात देता देता म्हणायची, "लांब वाटते, चाचा, तीसच्या घरात." तुम्ही तो चिमटीत धरायचात, डोळे मिटायचात आणि म्हणायचात, "तीस." कुणालाही कळलं नाही. आपण दोघंही एकमेकांना ते कळू दिलं नाही.

त्या वेळी मला वाटायचं, तुम्हाला आतून किती त्रास होत असेल. आता कळतं की मुक्या बोटाला काहीच होत नाही. ते शांत असतं. सगळा त्रास बाकीच्या माणसाला.

डॉक्टरांना मी तुमचं नाव न घेता विचारलं. साखरेच्या आजारानं गेलेलं बोटांचं कळणं परत येतं का? म्हणाले, सहसा नाही. साखर ताब्यात ठेवली तर उरलेलं टिकतं. पण अशा माणसानं रोज डोळ्यांनी हातपाय तपासायला हवेत, जे बोटांना कळत नाही ते डोळ्यांनी बघायला हवं. म्हणजे तुम्ही मला जे सांगितलं होतंत, त्याच्या अगदी उलट. चाचा, डोळे उघडे ठेवा. रोज सकाळी उजेडात तळवे बघा. चुगली करू द्या डोळ्यांना.

भावना


अकोला, १० सप्टेंबर २००७

वाहेदचाचा, सलाम.

काल मी बाळापूरला आले होते, हे तुम्हाला माहीत आहे. आपल्या दोघांत फक्त एक पडदा होता.

रुबीनानं दार उघडलं. तुमच्या चपला उंबऱ्यापाशी होत्या, आतून तुमचा खोकला येत होता, स्टोव्हवर चहा उकळत होता. मी म्हटलं, "चाचा आहेत?" तिनं मागे वळून पाहिलं. आतून तुमचा आवाज आला, "सांग तिले, घरात कोनी नाई."

रुबीना माझ्याकडे वळून म्हणाली, "अब्बा म्हनतात, घरात कोनी नाई."

मला हसू आलं आणि रडूही. मी म्हटलं, "त्यांना सांग, मग मी कोणाला भेटायला आले नाही." आतून स्टोव्ह बंद केल्याचा आवाज आला.

रुबीना कोपऱ्यापर्यंत सोडायला आली. मागच्या महिन्यात तुम्ही गरम पातेलं हातानं उतरवलंत आणि फोड आल्याचं तिनं पाहिलं, तोवर तुम्हाला पत्ता नव्हता, हे तिनं सांगितलं. आणि आणखी एक. तिनं तुम्हाला विचारलं होतं, "अब्बा, तुमी लोकाईले सांगत काहून नाई का तुमाले साखर हाये, बोटाले समजत नाई? तीन साल झाले, लोकं तुमाले बेईमान म्हनून राह्यले." तेव्हा तुम्ही म्हणालात, "बेईमान म्हनू दे. बेईमान मानूस उद्या सुधरू शकते. हात मेले म्हनलं तं मंग संपलंच."

मी बसमध्ये बसले. बाळापूरपासून अकोल्यापर्यंत खिडकीच्या लोखंडी दांडीवर अंगठा ठेवून बसले होते. दांडी थरथरत होती. मला ते थरथरणं मधल्या बोटात कळत होतं, आणि मी आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याच्याशी भांडले नाही. "हा अंगठा आहे" असं म्हटलं नाही. मधलं बोट काय सांगतंय ते नीट ऐकलं. दांडीला एका जागी गंज होता, तो कळला. रंगाचा पोपडा कळला. डोळे मिटले होते.

घरी आले आणि चपला न काढता रुई घेतली. ओढली, टाकली, ओढली. खबर मधल्या बोटावर येते, पण येते. पत्ता चुकीचा आहे, मजकूर बरोबर आहे. एवढे दिवस मी पत्त्याशीच भांडत होते. पहिला पुंजका मी अठ्ठावीस म्हटला. पट्टीवर ठेवला. अठ्ठावीस.

आईला हाक मारली. ती म्हणाली, "जोड्यानं घरात शिरली, आन् वरून वरडते!"

भावना


अकोला, २९ ऑक्टोबर २००७

वाहेदचाचा, सलाम.

पिनेची टोकं आता सहावर दोन कळतात. डॉक्टर म्हणाले, याच्या पुढे फार जाणार नाही, आणि थंडीत अंगठा ठणकत राहील. चालेल.

मी रोज दहा नमुने करते. लांबी दहातल्या आठ-नऊ जुळते. ताकद जुळत नाही. ताकदीसाठी पुंजका कानाशी धरून झटक्यात तोडावा लागतो, आणि माझी नवी कातडी ऐन वेळी सरकते. आवाज फुसका येतो. तुमच्या हातातून मात्र तो टचकन यायचा. आम्ही पलीकडच्या गंजीपाशी उभे असलो तरी ऐकू यायचा. तुमच्या बोटांना कळत नसेल, पण त्यांत जोर आहे, आणि कान तुमचे शाबूत आहेत. रुबीना सांगते, दारातला उंदीरही तुम्हाला ऐकू येतो.

ते पुढे. आधी जे लिहायचं आहे ते लिहिते. या पत्राचे तीन कागद फाडले आहेत.

श्रावणची गंजी तुम्हाला आठवत असेलच. जानेवारी २००४. तो आणि त्याची बायको रात्रभर बंडी हाकत पातूरच्या बाजूनं आले होते. मी पुंजका ओढला. तीस होता, स्वच्छ तीस. तुमच्या हातात दिला, आणि काही बोलले नाही.

तुम्ही थांबलात. डोळे मिटून थांबलात, मग एक डोळा किंचित उघडून माझ्याकडे पाहिलंत. मी पावतीबुकातला कार्बन सरळ करत होते. कार्बन सरळच होता. तुम्ही म्हणालात, "सव्वीस." म्हणजे धागा आखूड, भाव कमी.

श्रावण म्हणाला, "चाचा, काय बोलून राह्यले? हात लावून पाहा नं. तीस हाये."

तुम्ही पुन्हा हात लावलात. पुन्हा माझ्याकडे पाहिलंत. मी पुन्हा कार्बन. तुम्ही म्हणालात, "सव्वीस म्हनलं नं एकदा."

तेव्हा मी उभी राहिले आणि खुशालरावांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तीस आहे."

पुढचं तुम्ही भोगलंत. श्रावणनं पुंजका तुमच्या पायाशी टाकला. कुणीतरी ओरडलं, "चाचा मालकाचा मानूस झाला!" शेतकऱ्यांची कटकट वाढू नये म्हणून खुशालरावांनी तुम्हाला तिथेच, सगळ्यांसमोर, उद्यापासून येऊ नका म्हटलं. त्या दिवसापर्यंत रोज सकाळी मी तुम्हाला सलाम करायची आणि तुम्ही मला जय भीम म्हणायचात. दुसऱ्या दिवशी मी खुर्चीवर होते आणि दोन्ही बंद झाले.

मी सगळ्यांना सांगितलं होतं, तेव्हा माझं लक्ष नव्हतं. रुबीनालाही तेच सांगितलं. खरं हे की माझं पूर्ण लक्ष होतं. त्या सकाळी तुम्ही खुशालरावांना, मी मागे उभी असताना, म्हणाला होतात, "भावना असो नसो, माहं काम अडत नाई." मी वर्षभर तुमचं काम अडू दिलं नव्हतं. मला राग आला. आणि राग नसता आला तरी मला ती खुर्ची हवी होती. सोळा वर्षं मी पावत्या लिहिल्या होत्या. दोन्ही कारणं खरी आहेत. कुठलं मोठं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तुम्हाला हा संशय असणार. तुम्ही एवढी वर्षं बोलत नाही ते त्यामुळेच. पण माझ्या तोंडून तुम्ही ते ऐकलेलं नव्हतं.

आणि त्यानंतरही एक वाक्य पुरलं असतं. "चाचांच्या बोटांना कळत नाही," एवढं मी त्या अंगणात म्हटलं असतं, तर लोक तुम्हाला आजारी म्हणाले असते, बेईमान नाही. मी म्हटलं नाही. कारण लगेच कुणीतरी विचारलं असतं, मग गेलं वर्षभर ग्रेड कोण लावत होतं? आणि तू तेव्हा का बोलली नाहीस?

१५ नोव्हेंबरला सकाळी नऊ वाजता दहा गंज्या मांडलेल्या असतील. श्रावण येणार आहे, मी त्याला निरोप धाडला आहे. त्या दिवशी अंगणात होते त्यांतले निम्मे तरी येतील. खुशालरावांना मी सांगितलं, टेबलापाशी दोन खुर्च्या लागतील. म्हणाले, "दुसरी कोनाची?" मी म्हटलं, "ज्याची होती त्याची. लांबी मी सांगीन. धागा तोडून ताकद ते सांगतील." ते म्हणाले, "ते येतील?" मी म्हटलं, "नाही येणार." ते म्हणाले, "मंग खुर्ची काहून मांडता?"  पण त्यांनी नको म्हटलं नाही. मजूर पुसून ठेवणार आहेत.

दहा गंज्या सुरू व्हायच्या आधी मला सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं आहे की मी त्या दिवशी मुद्दाम गप्प बसले, आणि तुम्ही बेईमान नव्हतात. हे सांगताना तुमच्या बोटांचं सांगावं लागेल. त्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही. बोटं तुमची आहेत, म्हणून तुम्हाला विचारते. खुर्ची राहो की जावो. हे सांगून दहांपैकी दोनच जुळले, तर पावत्या लिहीन.

तुम्ही नाही म्हणाल. बेईमान म्हटलेलं चालेल, हात मेलेले म्हणू नका, हे तुमचं ठरलेलं आहे. पण मी तसं म्हणणार नाही. माझाही अंगठा नऊ महिने लोकांनी मेलेला धरला होता. मी म्हणेन, चाचांच्या बोटांना कळत नव्हतं आणि मला कळत होतं, आणि आम्ही दोघं मिळून एक ग्रेडर होतो, आणि मी ते मोडलं.

तुमचं नाही मी मानेन. तुम्ही नको म्हटलंत की मी तिथेच खाली बसेन, एक शब्दही बोलणार नाही. फक्त ते 'नाही' रुबीनाबरोबर धाडू नका, आणि घरात कोणी नाही असं पडद्याआडून सांगू नका. १५ तारखेला नऊ वाजता अंगणात या, दुसऱ्या खुर्चीवर बसा, आणि मी बोलायला उभी राहिले की मला स्वतःच्या तोंडानं नाही म्हणा.

भावना